पांढऱ्या पेशी मरतात तेव्हा

जखम चिघळली की तिच्यात पू होतो, हे माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. पू कशाचा बनतो हे मात्र सूक्ष्मदर्शक आल्यावर कळले. मेलेल्या आणि मरू घातलेल्या पांढऱ्या पेशींचाच त्यात मोठा भाग असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या विकृतिशास्त्रज्ञांना त्यांतल्या काही पेशींच्या पोटात जिवाणू दिसले. त्यावरून अनेकांनी काढलेला निष्कर्ष आज वाचताना अंगावर काटा येतो. त्यांचे म्हणणे होते, पांढऱ्या पेशी जिवाणूंना आसरा देतात, जिवाणू त्यांच्या आत वाढतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन शरीरभर पसरतात. इतक्या पेशी मरून का पडतात, हा प्रश्न कुणाला पडला नाही. रोग जिंकतो आहे आणि शरीर हरते आहे, एवढाच त्याचा अर्थ लावला गेला.

त्या मरणाचा खरा अर्थ लागायला शंभराहून अधिक वर्षे गेली. हा शोध मेसिना, पॅरिस, सिएटल, बर्लिन अशा गावांतून फिरला आणि त्यातला एक माणूस मुंबईत भायखळ्याला येऊन राहिला. मुंबई-पुण्याची घरेच्या घरे ज्या प्लेगने ओस पाडली, त्याच्याच जिवाणूने पुढे या प्रश्नाचे एक उत्तर दिले. मराठी वाचकाने हा इतिहास आपला म्हणून वाचावा, असे मला वाटते ते यासाठी.

इल्या मेच्निकोव्ह हा वैद्य नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. ओडेसाच्या विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून १८८२ मध्ये तो पत्नी आणि तिच्या धाकट्या भावंडांसह सिसिलीतल्या मेसिना या बंदरात राहायला आला. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली आणि तो सूक्ष्मदर्शकाशी एकटाच बसला. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते, तिच्या अंगातल्या हिंडत्या पेशी तो पाहत होता. या पेशी बाहेरून आलेल्या वस्तूवर धावून जात असतील का, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे आणून अळ्यांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचे कडे पडलेले.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही सापडते. मला तिच्यापेक्षा दोन वर्षांनंतरचे काम मोलाचे वाटते. १८८४ मध्ये मेच्निकोव्हने डॅफ्निया या पाणपिसवेच्या रोगावर निबंध लिहिला. एका बुरशीचे सुईसारखे टोकदार बीजाणू अन्नाबरोबर पाणपिसवेच्या पोटात जातात आणि आतड्याची भिंत भेदून आत शिरतात. तिथे रक्तपेशी त्यांना घेरतात, गिळतात, आणि बीजाणूचे तुकडे होतात. अशा पाणपिसवा वाचतात. एखादा बीजाणू मात्र तावडीतून सुटतो, त्याला अंकुर फुटतात, बुरशी झपाट्याने वाढते. मग रक्तपेशीच विरघळू लागतात आणि पाणपिसू मरते. म्हणजे पेशी मारते आणि पेशी मरते, या दोन्ही गोष्टी त्याने एकाच जीवात, डोळ्यांसमोर घडताना पाहिल्या. त्यांतली पहिली घेऊन त्याने सिद्धांत उभा केला. दुसरीची नोंद तेवढी झाली.

या पेशींना त्याने फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी म्हटले. जर्मन पंडित त्याच्यावर तुटून पडले. या पेशी फक्त मेलेले जिवाणू खातात, जिवंत जिवाणूंचा नाश रक्तातला द्रवच करतो, असे त्यांचे म्हणणे होते. १८९० मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत एमिल बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वात आणि घटसर्पाच्या विषावर रक्तद्रवातला उतारा दाखवला, तेव्हा तर द्रववाद्यांचे पारडे चांगलेच जड झाले. मेच्निकोव्ह १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होता. तिथून तो वर्षानुवर्षे एकट्याच्या हिमतीने झुंजत राहिला. १९०८ चे नोबेल त्याला आणि द्रवपक्षाच्या पॉल एर्लिखला विभागून मिळाले. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, पण पुढची पन्नासेक वर्षे संशोधनाचा ओढा द्रवाकडेच राहिला.

पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेच्निकोव्हच्या मागोमाग त्याचा ओडेसातला विद्यार्थी वाल्देमार हाफकिन आला. जागा मिळाली ती ग्रंथालयातली. तिथे काम करता करता त्याने पटकीची लस तयार केली, जुलै १८९२ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी तो हिंदुस्थानात आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्यातल्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले, हा प्लेग आहे असे सांगितले, आणि ऑक्टोबरात सरकारने हाफकिनला मुंबईत बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्याने कामाला सुरुवात केली. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे प्लेगचे जिवाणू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढतात, ही त्याची युक्ती. वाढलेले जिवाणू ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून मारायचे आणि टोचायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने स्वतःलाच मोठी मात्रा टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे लस न घेतलेल्या कैद्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. घेतलेल्यांत दोघेच आजारी पडले, दोघेही वाचले.

त्या वर्षाची पुढची हकिगत मराठी माणसाला सांगायला नको. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे मेली. पंजाबातल्या मुल्कोवालला १९०२ मध्ये लसीच्या एका बाटलीतून धनुर्वात होऊन १९ जण दगावले. त्याचा ठपका हाफकिनवर आला आणि निर्दोष ठरायला त्याला पाच वर्षे लागली. त्याने परळला उभारलेली प्रयोगशाळा आज त्याच्याच नावाने चालते, हा त्या अन्यायाचा थोडाफार उतारा म्हणायचा.

लस उपयोगी पडत होती. पण प्लेगच्या गाठीत नेमके काय चालते, याचे उत्तर हाफकिनकडे नव्हते, मेच्निकोव्हकडेही नव्हते. काखेत किंवा जांघेत सुजते ती लसिकाग्रंथी. शरीरातल्या पांढऱ्या पेशींची वस्ती तिथेच असते. अलेक्झांडर येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला मृतांच्या गाठी कापून पाहिल्या तेव्हा त्या जिवाणूंनी गच्च भरलेल्या आढळल्या. भक्षक पेशींच्या ऐन घरात शत्रू बिनधास्त माजतो, आणि रोग्याला मात्र आदल्या दिवसापर्यंत काही होत नसते. मेच्निकोव्हचा सिद्धांत खरा, तर या पेशी करत काय होत्या?

पहिला धागा १९५९ मध्ये हाती लागला. डॅन कॅव्हनॉ आणि रेमंड रँडल या दोघा अमेरिकी संशोधकांनी दाखवले की पिसवेच्या अंगातून आलेला प्लेगचा जिवाणू न्यूट्रोफिल या पेशीने गिळला तर मरतो. न्यूट्रोफिल म्हणजे पुवात ज्यांचा भरणा असतो त्या अल्पायुषी पेशी. आपली हाडे रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करतात. पण तोच जिवाणू मॅक्रोफेजच्या, म्हणजे मोठ्या भक्षक पेशीच्या पोटात गेला की तगतो, वाढतो, अंगावर एक कवच चढवतो आणि बाहेर पडतो तेव्हा त्याला कुणीच गिळू शकत नाही. पुवात जिवाणू पाहणाऱ्या त्या जुन्या विकृतिशास्त्रज्ञांचे म्हणणे निदान या एका रोगापुरते अगदीच चुकीचे नव्हते.

इथून पुढे पेशींच्या मरणाकडे पाहण्याची नजर बदलते, आणि ती बदलली ती संसर्गाशी संबंध नसलेल्या कामामुळे. १९७२ मध्ये जॉन कर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी यांनी लिहिले की काही पेशी आकसतात, त्यांचे व्यवस्थित तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात आणि दाह होत नाही. या शिस्तीच्या मरणाला त्यांनी ॲपॉप्टोसिस म्हटले. पुढे एका सूक्ष्म कृमीवरच्या कामातून त्यामागची जनुके सापडली. पेशीच्या मरणाचा कार्यक्रम पेशीतच लिहिलेला असतो, हे पक्के झाले. तोवर जिवाणूने मारलेली पेशी म्हणजे फुटलेले भांडे, एवढेच समजत. तिच्या मरणात तिचाही काही हात असू शकतो, हा विचार आता शक्य झाला.

१९९२ मध्ये तो विचार प्रत्यक्षात आला, आणि जागा पुन्हा पॅरिसचे पाश्चर इन्स्टिट्यूटच होती. आर्तुरो झिखलिन्स्की, मारी-क्रिस्तीन प्रेव्हो आणि फिलिप सान्सोनेती हे शिगेलावर काम करत होते. रक्ती आव घडवणारा हा जिवाणू मॅक्रोफेजमध्ये शिरला की पेशी काही तासांत मरे. मरताना तिच्या डीएनएचे ठरावीक मापाचे तुकडे पडत आणि ॲपॉप्टोसिसची इतर लक्षणेही दिसत. त्यांनी ‘नेचर’मध्ये तसे प्रसिद्ध केले: शिगेला भक्षक पेशीला आत्मनाश करायला लावतो.

पण त्यात एक विसंगती होती, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत फलदायी क्षण तोच. ॲपॉप्टोसिस हे शांत मरण, त्यात दाह होत नाही. रक्ती आवेत तर आतडे अक्षरशः पेटलेले असते: ताप, कळा, रक्त, पू. मरण शांत आणि रोग असा भडकलेला, हे जमायचे कसे? झिखलिन्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोध पुढे नेला तेव्हा मेलेल्या पेशींतून इंटरल्यूकिन-१ हा रेणू बाहेर पडताना दिसला. हाच रेणू मेंदूपर्यंत खबर पोहोचवून ताप आणतो. तो पेशीत अर्धवट अवस्थेत साठवलेला असतो. त्याला कापून धारदार करणारे विकर म्हणजे कॅस्पेज-१. शिगेलाने भरलेली पेशी मरते तीही याच विकरामुळे, असे निघाले. मारणारे विकर आणि खबर देणारे विकर एकच.

सिएटलमध्ये ब्रॅड कुकसन आणि मॉली ब्रेनन सालमोनेला या दुसऱ्या जिवाणूवर काम करत होते. त्यांना दिसले की त्याने भरलेले मॅक्रोफेज मरताना आकसत नाहीत, उलट फुगतात, त्यांना भोके पडतात आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. हे ॲपॉप्टोसिस नव्हेच, असे त्यांनी ठामपणे म्हटले आणि २००१ मध्ये या मरणाला पायरॉप्टोसिस हे नाव दिले. पुढच्याच वर्षी लोझानच्या युर्ग शॉप यांच्या गटाने पेशीतली जुळणी दाखवली: धोक्याची चाहूल लागताच काही प्रथिने एकत्र येऊन चकती बनवतात आणि त्या चकतीवर कॅस्पेज-१ जागे होते. या जुळणीला त्यांनी इन्फ्लेमासोम म्हटले.

मग सगळ्यांना धक्का देणारी गोष्ट घडली. १९९५ मध्ये कॅस्पेज-१ नसलेले उंदीर तयार केले गेले होते आणि जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरत होत्या. या उंदरांना जिवाणूंच्या कवचातले विष टोचले तरी ते मरत नसत, म्हणून त्या मरणामागे कॅस्पेज-१ आहे असे १६ वर्षे मानले गेले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेनेंटेक कंपनीत नोबुहिको कायागाकी आणि विश्व दीक्षित यांच्या गटाने दाखवले की ते उंदीर ज्या वंशाच्या पेशींपासून बनवले होते, त्या वंशात शेजारचे दुसरे जनुक आधीपासूनच बिघडलेले होते. त्यातून बनणाऱ्या प्रथिनाचे नाव कॅस्पेज-११. दोन्ही जनुके इतकी लगटून आहेत की उंदरांच्या संकरात ती वेगळी होत नाहीत. म्हणजे सगळे जण एक जनुक नसलेला म्हणून दोन जनुके नसलेला उंदीर वापरत होते, आणि विषाने मरण घडवणारे खरे विकर कॅस्पेज-११ होते. पुढच्या दोनतीन वर्षांत त्याचे कामही उलगडले. जिवाणूच्या कवचातला मेदयुक्त रेणू पेशीच्या आत पोहोचला तर कॅस्पेज-११ त्याला थेट जाऊन चिकटते. माणसात हे काम कॅस्पेज-४ आणि ५ करतात. बीजिंगमधल्या फेंग शाओ यांच्या गटाने हे २०१४ मध्ये सिद्ध केले. जिवाणू पेशीबाहेर असला तर पेशी त्याला वेगळ्या प्रकारे ओळखते. तो आतल्या रसात, म्हणजे जिथे त्याने कधीच पोहोचायला नको तिथे, पोहोचला तर मात्र ती मरायला निघते.

ती मरते कशी, हे २०१५ मध्ये कळले, आणि ते शाओ व दीक्षित यांच्या गटांनी एकाच सुमारास दाखवले. गॅसडर्मिन-डी हे प्रथिन पेशीत निपचित पडून असते. कॅस्पेजने त्याचे दोन तुकडे केले की पुढचा तुकडा पेशीच्या आवरणाकडे धावतो, तसेच इतर तुकडे त्याला येऊन मिळतात आणि आवरणात कड्यांसारखी गोल भोके पडतात. पाण्याच्या टाकीला आतून गिरमिटाने भोके पाडावीत, तसे हे काम आहे. लहान रेणू त्यातून बाहेर पडतात, त्यांत इंटरल्यूकिन-१ असतो. पाणी आत येते, पेशी फुगते. या भोकांचा व्यास सुमारे २० नॅनोमीटर असतो.

जिवाणू मात्र त्यातून सुटत नाही. भोकांच्या मानाने तो अवाढव्य असतो. एडवर्ड मिआओ यांच्या प्रयोगांतून दिसले की पेशी मरते, तिचा सांगाडा उरतो आणि जिवाणू त्यात अडकून पडतो. मग न्यूट्रोफिल येऊन सांगाड्यासकट त्याला गिळतात. मॅक्रोफेजच्या पोटात सुखाने वाढणारा जिवाणू त्याला मारणाऱ्या पेशीच्या हवाली होतो, तो मॅक्रोफेज मेल्यामुळे. १९५९ मधले ते निरीक्षण, मॅक्रोफेजमध्ये तगणारा आणि न्यूट्रोफिलमध्ये मरणारा जिवाणू, आता नव्या प्रकाशात वाचता येते.

न्यूट्रोफिलच्याही मरणाचा एक वेगळा प्रकार निघाला. झिखलिन्स्की पॅरिसहून न्यूयॉर्कला आणि तिथून बर्लिनला माक्स प्लांक संस्थेत गेला. मेच्निकोव्हच्या संस्थेत सुरू झालेली शोधाची ही वाट त्याच्या कडव्या विरोधकांच्या शहरात पोहोचली. तिथे २००४ मध्ये फोल्कर ब्रिंकमान आणि झिखलिन्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली न्यूट्रोफिलमधून निघालेली डीएनएची जाळी दाखवली, तिच्या धाग्यांवर जिवाणू मारणारी प्रथिने चिकटलेली होती. ज्या रेणूवर पेशीची सगळी आखणी लिहिलेली, तोच बाहेर फेकून पेशी त्याचे जाळे करते. ती छायाचित्रे मी पुष्कळदा पाहिली आहेत, आणि दर वेळी त्यांच्यापुढे थांबावे लागते.

आता प्लेगकडे वळायला हवे. येर्सिनिया कुळातल्या जिवाणूंच्या अंगावर सुईसारखी एक रचना असते, तिच्यातून ते आपली प्रथिने थेट पांढऱ्या पेशीत सोडतात. शिकागोतल्या संशोधकांनी २००५ मध्ये उंदरांत दाखवले की प्लेगचा जिवाणू त्यासाठी प्लीहेतल्या भक्षक पेशीच निवडतो. सोडलेल्या प्रथिनांपैकी एक आहे योपजे. पेशी धोका ओळखून आरडाओरडा सुरू करते ती ज्या साखळीतून, ती साखळीच हे प्रथिन तोडून टाकते. १९९७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये डेनिस मोनॅक आणि सहकाऱ्यांना दिसले की योपजे पेशीत गेले की मॅक्रोफेज मरतो. तेव्हा अर्थ लावला गेला तो जुनाच: जिवाणूने पेशी मारली, जिवाणू जिंकला.

पुढची वीस वर्षे हा अर्थ हळूहळू उलटा होत गेला. साखळी तुटली आहे हे पेशीला कळते, आणि हाक मारण्याचा मार्ग बंद झाला म्हणून ती दुसरा मार्ग धरते: मरण्याचा. त्यासाठी ती कॅस्पेज-८ वापरते. २०१८ मध्ये दिसून आले की हे विकरही शेवटी गॅसडर्मिन-डीलाच कापते. २०१७ मध्ये फिलाडेल्फियातल्या इगोर ब्रॉड्स्की यांच्या गटाने निर्णायक प्रयोग केला. प्लेगच्या जिवाणूच्या पूर्वजकुळातल्या येर्सिनियाचा संसर्ग झालेल्या उंदरांत ज्यांच्या पेशींना असे मरता येत नव्हते, ते उंदीर दगावले. मरू शकणाऱ्या पेशींचे उंदीर वाचले.

मग प्लेगच माणसाला इतका का मारतो? तो पेशींना वेळेवर मरू देत नाही म्हणून. पिसवेच्या थंड अंगातून माणसाच्या ३७ अंशांच्या अंगात आला की हा जिवाणू आपल्या कवचातल्या मेदयुक्त रेणूचा आकार बदलतो. पेशींना तो रेणू ओळखू येत नाही. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात एगिल लीन आणि जॉन गोगन यांच्या गटाने दुसऱ्या जिवाणूचे एक जनुक घालून प्लेगच्या जिवाणूला तो आकार बदलता येणार नाही असे केले, आणि उंदरांत प्लेग होईना. फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये उंदरांच्या फुफ्फुसात पहिले सुमारे दीड दिवस दाहाचे नावही दिसत नाही, जिवाणू मात्र भराभर वाढत असतात. नंतर एकाएकी सगळे पेटते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. मांडवीतल्या, पुण्याच्या पेठांतल्या माणसांना सकाळी काही नसायचे आणि संध्याकाळी तापाने फणफणून पडायची पाळी यायची, त्यामागे हे मौन होते.

त्या मौनाचा सर्वांत स्पष्ट पुरावा इस्राएलमधून २००९ मध्ये आला. आयेलेत झाउबेरमन आणि सहकाऱ्यांनी प्लेगच्या जिवाणूला त्याच्या कुळातल्या दुसऱ्या जिवाणूचे, पांढऱ्या पेशींना अधिक वेगाने मारणारे प्रथिन दिले. पेशी मारण्यात तरबेज झालेला हा प्लेग अधिक भयंकर होईल, असे कुणालाही वाटले असते. उंदरांच्या कातडीखाली तो टोचला, तर गाठीचा प्लेग झालाच नाही. उलट ते उंदीर नंतर फुफ्फुसाच्या प्लेगपासूनही वाचले. पेशी लवकर मेल्या आणि शरीराला खबर लागली.

क्षयाचा जिवाणू मात्र सांगतो ती कथा अशी सरळ नाही. बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या ललिता रामकृष्णन केंब्रिजला झेब्रा माशाच्या पारदर्शक अळ्यांमध्ये क्षयाच्या जिवाणूचा भाऊबंद वाढवतात आणि जिवंत पेशी पाहतात. २०१३ मध्ये फ्रान्सिस्को रोका यांच्यासह त्यांनी दाखवले की दाह वाढवणारा टीएनएफ हा रेणू कमी पडला तर जिवाणू पेशीत वाढतात आणि पेशी हरते. तो फाजील झाला तर मॅक्रोफेज आधी आपले जिवाणू मारतात, पण मग स्वतः फुटतात, उरलेले जिवाणू बाहेर पडतात आणि पेशींच्या आवाक्याबाहेर मोकाट वाढतात. क्षयात मॅक्रोफेजचे असे मरण शरीराच्या नव्हे, जिवाणूच्या पथ्यावर पडते.

जिवाणू रक्तात पसरतात त्या सेप्सिसमध्ये धोका आणखी निराळा. तिथे सगळीकडच्या पेशी एकदमच खबर देऊ लागतात, रक्तदाब कोसळतो आणि रोगी खबरेनेच दगावतो. गॅसडर्मिन-डी नसलेले उंदीर जिवाणूच्या विषाची घातक मात्रा पचवतात, हे २०१५ मध्येच दिसले होते. दारू सोडवण्यासाठी वापरले जाणारे डायसल्फिराम हे जुने औषध गॅसडर्मिनची भोके अडवते आणि उंदरांना सेप्सिसमधून वाचवते, असे २०२० मध्ये बोस्टनच्या गटाने दाखवले.

२०२१ मध्ये कायागाकी यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. भोके पडली की फुगलेली पेशी आपोआप फुटते, असे सगळे गृहीत धरून होते. तसे नाही. फोडण्यासाठी निंजुरिन-१ नावाचे वेगळे प्रथिन आहे. ते नसेल तर पेशी मरते, पण बुडबुड्यासारखी अखंड राहते. म्हणजे शेवटचे फुटणेसुद्धा पेशीच घडवते. निंजुरिन-१ नसलेल्या उंदरांना आतड्यातल्या एका जिवाणूचा संसर्ग अधिक जाचला. आणि २०२३ मध्ये याच गटाने निंजुरिन-१ ला अडवणारे प्रतिपिंड उंदरांना टोचले, तेव्हा त्यांच्या यकृताचा दाह आणि नासाडी कमी झाली.